हे काय, हितंच!

माझं ऑफिस कोल्हापुरात स्टेशन रोडवर आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, विम्याच्या फॉर्मांचं एक कपाट आणि बाहेर एक पायरी. भाडं मी सगळ्याचं भरतो, पण गिऱ्हाईक फक्त पायरीला असतं. एका अंगाला मध्यवर्ती बसस्थानक, दुसऱ्या अंगाला रेल्वे स्टेशन आणि दोन्हींच्या मधे मी. एसटीतनं उतरलेला माणूस रेल्वे स्टेशन विचारतो, रेल्वेतनं उतरलेला स्टँड विचारतो आणि शेवटी दोघांनाही अंबाबाईला जायचं असतं. एकवीस वर्षांत पॉलिसी किती विकल्या ते कृपा करून विचारू नका. पत्ते मात्र हजारांनी सांगितले. त्यातले किती जण पोचले याची नोंद नाही, पण तक्रार घेऊन आजवर कुणी परत आलेलं नाही. बायकोचं म्हणणं, परत यायचा रस्ता सापडला नसेल.

वैतागून एकदा पाटी लावली : ‘येथे पत्ते सांगितले जात नाहीत.’ पहिल्याच गृहस्थांनी ती मोठ्यानं वाचली, मान डोलावली आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. दिवसभर किती जणांना सांगणार! बरं, बिंदू चौक कुठं आला?” मग समोरचा चहाच्या गाड्यावरचा आला. पाटीकडं बघत म्हणाला, “सायेब, पुण्याला बदली झाली काय?”

“नाही.”

“मग हे असलं आपल्या गावात शोभत न्हाई बघा.”

असं म्हणून त्यानं पाटी उचलली ती नेलीच. आता ती त्याच्याकडं भज्यांच्या परातीवर झाकण म्हणून बसते. लोक भजी खातात, पाटी वाचतात आणि रस्ता ओलांडून मला पत्ता विचारायला येतात.

कोल्हापुरात पत्ता सांगणं हे काम नव्हे, तो कार्यक्रम आहे. विचारणाऱ्यानं नुसतं “अहो, जरा…” म्हटलं की आधी त्याचाच पत्ता घेतला जातो. गाव कंचं? इचलकरंजी? मग त्या तिथल्या सूतवाल्यांचे तुम्ही कोण? कुणी नाही? मग निदान ओळखत तरी असाल! एवढं झाल्यावर मूळ प्रश्नाला हात घातला जातो, आणि तोवर चौघे जमलेले असतात. एकाचं मत दसरा चौकातनं जावं, दुसऱ्याचं लक्ष्मीपुरीतनं. तिसरा म्हणतो, दोन्हीकडनं आज रस्ता खणलाय. चौथा नुसता ऐकत असतो. त्याला स्वतःलाही तिथंच जायचं असतं. ‘मला ठाऊक नाही’ एवढं मात्र कुणी म्हणत नाही. पाहुण्याला असं म्हणून वाटेला लावणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं. त्यापेक्षा चुकीचा पत्ता बरा; माणूस निदान हलतो तरी. आणि वाद फारच चिघळला तर एक जण गाडीला किक मारतो : “बसा मागं, सोडतो.” तो खरोखरच सोडतो. फक्त वाटेत त्याचं एक काम असतं, मग एक चहा असतो, मग त्याचा मेहुणा भेटतो.

अंतराची मापंही आमची वेगळी. ‘हे काय, हितंच!’ म्हणजे समजा अर्ध्या फर्लांगापासून तीन किलोमीटरपर्यंत काहीही. ‘वाईच म्होरं’ म्हटलं की केएमटीची बस बघावी. ‘तसं लांब हाय’ याचा अर्थ सांगणारा त्या बाजूला कधी गेलेला नाही. मिनिटांत सांगितलं तर सगळी ठिकाणं पाच मिनिटांवर आहेत, ज्योतिबाचा डोंगरसुद्धा.

पण खरी मेख आहे ती नावांत. परक्या माणसाला मी अगदी सरळ रस्ता सांगतो : हे असं नाकासमोर गेलं की व्हीनस कॉर्नर. तो जातो. तिथं बँका आहेत, दुकानं आहेत, रिक्षा आहेत. व्हीनस नाही. ते टॉकीज केव्हाच गेलं, कॉर्नर उरला. पुढं लक्ष्मीपुरीत फोर्ड कॉर्नर. फोर्ड कंपनीनं २०२१ साली भारतात गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं. ती बातमी फोर्ड कॉर्नरला अजून पोचलेली नाही. कावळा नाक्यावर कावळा शोधणारा एक मुलगा मी स्वतः पाहिलाय. बिचाऱ्याला आईनं सांगितलं होतं, कावळा दिसला की उतर. त्याला घोड्यावरच्या महाराणी ताराराणी दिसल्या, कारण कागदोपत्री तो ताराराणी चौक आहे. तो उतरला नाही आणि थेट शिरोली नाक्याला गेला. नाक्यांचंही तेच. या गावानं आंदोलन करून टोल घालवला, जकातही गेली. पण शिरोली नाका, उचगाव नाका, फुलेवाडी नाका जागच्या जागी आहेत. पैसे घ्यायचे थांबले, नाव घ्यायचं थांबलं नाही.

टॉकीजवर आमचा जीव फार. प्रभात फिल्म कंपनी इथंच निघाली, १९२९ साली, आणि १९३३ साली पुण्याला गेली. कोल्हापुरातल्या माणसांना विचारून बाहेर पडलेली आणि तरीही इच्छित स्थळी पोचलेली अशी ती एकमेव संस्था असावी.

पुतळ्यांवरनं सांगावं तर त्यातही फसगत. नाशिकच्या एका विमा अधिकाऱ्यांना मी फोनवर म्हणालो, “पुतळ्यापाशी थांबा, आलोच.” ते दसरा चौकात शाहू महाराजांपाशी थांबले. मी शिवाजी चौकात. तासाभरानं त्यांना म्हटलं, असं करा, बिंदू चौकात या, तिथं चुकायला वाव नाही. ते आले आणि म्हणाले, “इथे तर दोन आहेत!” आहेतच. जोतीराव फुले आणि डॉ. आंबेडकर. ९ डिसेंबर १९५० ला बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. ही माहिती मी त्यांना सविस्तर दिली. त्यांनी मला पॉलिसीचं उद्दिष्ट किती पूर्ण झालं ते विचारलं.

हे सगळं कमी म्हणून की काय, गेल्या पावसाळ्यात आमचे मेहुणे आले.

मेहुणे मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. तिथं म्हणे जी ब्लॉक, अमुक प्लॉट एवढं सांगितलं की माणूस लिफ्टच्या दारात पोचतो. त्यांना शाहूपुरीत एका अडत दुकानाच्या मालकाकडं कर्जाच्या कामासाठी जायचं होतं. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमधे बसताना त्यांनी फोन केला. “दाजी, तुम्ही स्टेशनवर यायचा त्रास घेऊ नका. मॅप आहे ना. तुमच्या गावात फायनान्शियल डिस्ट्रिक्ट असा किती मोठा असणार?”

हे मला लागलं. मी म्हणालो, “मेहुणे, इथं रेल्वे आली १८९१ साली. चार वर्षांत शाहू महाराजांनी स्टेशनाशेजारी शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली, गुळाच्या धंद्यासाठी. तेव्हा तुमच्या बांद्रा-कुर्ला संकुलात चिखल होता आणि त्यात खेकडे होते.”

“आता तिथे गूळ मिळतो?”

“आता गुळाचे सौदे मार्केट यार्डात निघतात.”

“मग शाहूपुरीत?”

“शाहूपुरीत तुम्ही या तर खरं.”

कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन आहे. पुढं रूळच नाहीत, त्यामुळं गाडीची वाट कधी चुकत नाही. मेहुण्यांची स्टेशनाबाहेर पडल्यावर दुसऱ्या मिनिटाला चुकली. त्यांच्याकडं पत्ता होता तो असा : सि.स.नं. अमुक, ई वॉर्ड, तिसरी गल्ली. शाहूपुरी हा शब्द कागदाच्या घडीत गेला होता. आता शहराचे वॉर्ड ए पासून ई पर्यंत पाचच, पण ई वॉर्डात निम्मं कोल्हापूर बसतं. आणि सिटी सर्व्हे नंबर ही गोष्ट फक्त घरपट्टी आणि भाऊबंदकी यांच्यासाठी वापरतात. त्यावरनं घर सापडल्याचं ऐकिवात नाही. मेहुण्यांनी एका भल्या माणसाला तिसरी गल्ली विचारली. तो म्हणाला, “राजारामपुरीतली ना?” नावात कुठं तरी ‘पुरी’ होतं एवढं मेहुण्यांना आठवत होतं. ते हो म्हणाले.

स्टेशनपासून शाहूपुरीची तिसरी गल्ली पायी पाच मिनिटं. ही मोजलेली पाच मिनिटं आहेत, वर सांगितली तसली नव्हेत. मेहुणे उलट दिशेला रिक्षात बसून रुळांच्या पलीकडं निघाले. मधे परीख पूल लागतो. त्याला पूल म्हणतात, पण पुलावरनं फक्त रेल्वे जाते. माणसं खालनं जातात. आणि पाऊस लागला की माणसंही जात नाहीत, कारण तिथं पाणी असतं. रिक्षावाल्यानं पाण्याकडं बघितलं, मेहुण्यांच्या बुटांकडं बघितलं आणि “पाय वर घ्या सायेब” म्हणून रिक्षा आत घातली. रिक्षा झकास सजवलेली होती. आमच्याकडं रिक्षांच्या सौंदर्य स्पर्धा होतात आणि ही त्यात उतरणारी असावी. पलीकडं निघेपर्यंत तिच्या झालरींसकट मेहुण्यांचं सौंदर्य उतरलं होतं.

राजारामपुरीच्या तिसऱ्या गल्लीत एका घरासमोर रांगोळी होती. मेहुण्यांनी दारातल्या गृहस्थांना सांगितलं, “मी मुंबईहून आलो.” संपलं. “या, या! वाटच बघत होतो,” म्हणत त्यांना आत नेलं. हातपाय धुवायला पाणी, टॉवेल, कोरडे मोजेसुद्धा. मग पोहे आले. कर्ज मागणारा माणूस एवढी बडदास्त ठेवणारच, म्हणून मेहुण्यांनी ते खाल्ले. मग प्रश्न सुरू झाले. फ्लॅट स्वतःचा का? पगार किती? मेहुण्यांना वाटलं, सावध व्यापारी आहे, बँकेचीच पत तपासतोय. त्यांनी पगार सांगितला. आतल्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज झाला. त्यानंतर मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तेव्हा मेहुण्यांच्या ध्यानात आलं की हा कर्जाचा मामला नाही. त्यांना दोन मुलं आहेत. थोरला बारावीला आहे.

फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. “दाजी, मी राजारामपुरीत आहे.”

“तुम्हाला शाहूपुरीत जायचं होतं.”

“तुमच्या गावात एकूण पुऱ्या किती?”

“तीन मोठ्या. लक्ष्मीपुरी राहिली अजून.”

ती राहिली असं मला म्हणायला नको होतं. पुढच्या रिक्षावाल्याला त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक, अर्ध्या तासानं त्यांचा फोन लक्ष्मीपुरीतनं आला. मी म्हटलं, आता जागचे हलू नका, मी येतो. समोर काय दिसतंय?

“बँक.”

“बाजूला?”

“पतसंस्था.”

“मागं बघा.”

“दुसरी बँक. तिच्या वर तिसरी.”

“बँक सोडून सांगा हो काहीतरी!”

थोडा वेळ शांतता. मग, “एटीएम.”

डिस्ट्रिक्ट केवढा असणार असं विचारणाऱ्या माणसाला डिस्ट्रिक्ट केवढा ते कळत होतं. मी मनातून सुखावलो. म्हटलं, कॉर्नरवर थांबा. तो व्हीनस कॉर्नर समजून मी तिकडं गेलो. ते फोर्ड कॉर्नरला होते. मी फोर्डला पोचलो तोवर ते मला भेटायला व्हीनसला निघाले होते. तिसऱ्या फेरीत आम्ही एकमेकांना रस्त्याच्या दोन बाजूंनी जाताना पाहिलं आणि हात केला. मधे केएमटी आली. बस गेल्यावर बघतो तर मेहुणे एका वयस्कर बाईंना हातानं दिशा दाखवत होते. नंतर म्हणाले, “त्यांनी दसरा चौक विचारला. नाही कसं म्हणायचं?” चार तासांत गडी पक्का कोल्हापुरी झाला होता.

शाहूपुरीतलं काम मग पाच मिनिटांत झालं. अडत दुकानाचे मालक म्हणाले, “एवढ्यासाठी आलासा? मीच आलो असतो की मुंबईला.”

दुपारनंतर बायकोचा हुकूम होता : भावाला दर्शनाला न्या, एक कोल्हापुरी चप्पल घेऊन द्या, आणि गुजरीत सराफाकडं साजाचा भाव काढून या. (भाव काढून आलो. बाकी काही काढलं नाही.) मी म्हटलं, आता मी बरोबर आहे, आता चुकायचं कारण नाही.

चप्पल आधी घेतली. करकर वाजणारी, चांगली. मेहुण्यांनी बूट पिशवीत घातले आणि ती पायात चढवली. भवानी मंडपाकडनं आलो, पूर्व दरवाजापाशी चपला काढल्या, दर्शन झालं आणि गर्दीच्या रेट्यानं महाद्वारातनं बाहेर पडलो. चपला पूर्वेला, आम्ही पश्चिमेला. देवळाला चार दरवाजे आहेत आणि जन्मभर इथं राहून दरवेळी मी चुकीच्याच दारानं बाहेर येतो. इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीनं गेल्या वर्षी-दोन वर्षांत आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मिलानमधे मिरवली म्हणून केवढा गहजब झाला. मिलानपर्यंत वाट सापडलेल्या चपलेला देवळाच्या पूर्व दरवाजापासून महाद्वारापर्यंत येता येत नाही.

महाद्वारात उभं राहून मेहुण्यांना मी किरणोत्सव सांगायला लागलो. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्याला मावळतीची किरणं या महाद्वारातनं थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. मात्र वाटेत कुठं ढग, कुठं धुरकं, कुठं कुणाचा वाढवलेला मजला आला की किरणं मधेच थांबतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं की किरणं कुठवर पोचली. “म्हणजे दाजी,” मेहुणे म्हणाले, “सूर्यालासुद्धा स्टेशन रोडवरूनच विचारत यावं लागतं?”

मला उत्तर सुचेना. “इथंच थांबा, चपला घेऊन आलो,” म्हणून मी अनवाणी निघालो. देवळाला अर्धा वळसा. जाताना तिघांनी पत्ता विचारला. अनवाणी माणूस स्थानिक असणार अशी लोकांची खात्री असते. परत येऊन बघतो तर मेहुणे नाहीत.

फोन लावला.

“मी थांबलो होतो दाजी, पण गर्दी थांबली नाही. उजवीकडे आलोय. कुणी तरी म्हणालं, ही पापाची तिकटी.”

देवीचं दर्शन घेऊन उजवीकडं वळलं की पापाचीच तिकटी येते, त्याला इलाज नाही. “समोर काय दिसतंय?” मी विचारलं. “बँक सांगू नका.”

“दाजी, समोर म्हैस आहे.”

मी घड्याळ पाहिलं. पाऊस उघडला होता, संध्याकाळ झाली होती.

“चाललीय का उभी आहे?”

“चाललीय.”

“एकटी?”

“मागे एक माणूस आहे. हातात कासंडी आहे, कासंडीच म्हणतात ना?”

“मेहुणे, आता नीट ऐका. मॅप बंद करा. त्या म्हशीच्या मागनं जावा. ती वळेल तिथं वळा, थांबेल तिथं थांबा. आणि वाटेत कुणालाही काहीही विचारू नका.”

मी स्वतः जवळच्या वाटेनं निघालो. एकवीस वर्षांचा अनुभव. एका बोळातनं दुसऱ्या बोळात, की गंगावेशीत दूध कट्ट्यावर. पहिला बोळ खणलेला होता. दुसऱ्यात बारशाचा मांडव होता. तिसऱ्याच्या तोंडाशी एका कुटुंबानं मला थांबवलं. त्यांना रंकाळा हवा होता. मी म्हटलं, हे काय, हितंच, आणि त्यांना सोडायला थोडं पुढं गेलो.

कट्ट्यावर पोचलो तेव्हा मेहुणे कठड्यावर बसले होते. पायात ओले बूट, हातात रिकामा ग्लास, मिशीवर फेस. म्हशीची धार काढून झाली होती.